सेल्फ फिरतो, पण जीप धरीत नाहीं : दोष शोधण्याची क्रमवार रीत

शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत पक्क्या सडका आतां पुष्कळ झाल्या आहेत. मुंबई-आग्रा रस्ता शहापुरावरून कसाऱ्याकडे जातो; कल्याणहून निघालेला रस्ता मुरबाड, सरळगांव, टोकावडे हीं गांवें घेऊन माळशेज घाट चढतो. परंतु आमच्यापैकीं पुष्कळांचीं शेतें ह्या सडकांवर नाहींत. तीं डोळखांब, किन्हवली, धसई ह्यांच्या आंतल्या अंगास, ओढ्यापलीकडे, माळावर किंवा डोंगराच्या पायथ्याशीं आहेत. पावसाळ्यांत तेथील वाट म्हणजे चिखल, आणि उन्हाळ्यांत धूळ व दगड. अशा वाटेनें खताच्या गोणी नेणें, भाताचीं पोतीं आणणें, भेंडीचे क्रेट सडकेपर्यंत पोंचविणें, आणि वेळप्रसंगीं आजारी माणसास रुग्णालयांत नेणें, हीं सर्व कामें चारी चाकांस जोर असलेली जीप करिते.

अशी जीप ज्या सकाळीं सुरू होत नाहीं, त्या सकाळचें नुकसान मोठें असतें. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. एक तोड चुकली कीं शेंग जरड होते व बाजारांत तिला कोणी विचारीत नाहीं. घरांत सर्पदंश झालेला माणूस किंवा अडलेली बाळंतीण असेल, तर रुपयांचा हिशोबच उरत नाहीं. म्हणून जीपच्या ह्या एका दोषाचा विचार प्रत्येक बागाईतदारानें स्वतः समजून घेणें अवश्य आहे असें आम्हांस वाटतें.

दोष असा : चावी फिरविली असतां सेल्फ चांगला फिरतो, इंजिन गरगरतें, परंतु धरीत नाहीं. सेल्फच फिरत नसेल, तर तो बॅटरीचा, तारांचा अथवा सेल्फचा प्रश्न होय; त्याची चिकित्सा निराळी, व ती ह्या लेखाचा विषय नाहीं.

आमचा अनुभव

कांहीं वर्षांपूर्वीं फाल्गुन महिन्यांत आमच्या डिझेल जीपनें पहाटे पांच वाजतां असाच हट्ट धरिला. मागें भेंडीचे क्रेट भरलेले, आणि वाशीच्या बाजाराची वेळ जवळ आलेली. घाईंत कोणीहि करील तेंच आम्हीं केलें. सेल्फ मारला, पुनः मारला, अर्धा तास मारला, आणि अखेर बॅटरी बसली. दुपारीं एक कारागीर आला. त्यानें नोझलचा नट सैल करून पाहिलें. डिझेल येत नव्हतें. त्यावरून पंप गेला असा निर्णय झाला, व पंप उतरवून दुरुस्तीस पाठविला. तो परत येईतों आठवडा गेला, दुरुस्तीचे पैसे गेले, आणि तीन तोडींचा माल हातचा गेला. पंप पुनः बसविला, तरी गाडी धरीना !

शेवटीं गांवांतील एका वृद्ध ट्रकचालकानें बारा व्होल्टचा एक दिवा मागितला, पंपावर येणाऱ्या एकुलत्या तारेस तो लाविला, आणि दिवा पेटला नाहीं. तार रबरी वेष्टणाच्या आंत तुटलेली होती. वीतभर तार बदलतांच जीप सुरू झाली. दुरुस्तीच्या दुकानांत पंप चोख चालला होता, कारण तेथें त्यावरील विजेच्या झडपेस वीज निराळी दिली जाते.

कारागिरानें पाहिलें तें खोटें नव्हतें; डिझेल खरोखरच येत नव्हतें. चूक झाली ती एवढीच कीं, डिझेल न येण्याचीं जीं अनेक कारणें असतात त्यांतील सर्वांत शेवटचें व सर्वांत महाग कारण आम्हीं सर्वांनीं मिळून आधीं धरिलें. दोष शोधण्यास कौशल्यापेक्षां क्रम अधिक लागतो, हा धडा आम्ही त्या फाल्गुनांत शिकलों, व तोच येथें सांगावयाचा आहे.

इंजिनाच्या तीन गरजा

कोणतेंहि इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात : इंधन, हवा, आणि इंधन पेटविणारी उष्णता. पेट्रोलच्या इंजिनांत ही उष्णता प्लगची ठिणगी देते. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन अभियंत्यास १८९३ सालीं ज्या युक्तीचें पेटंट मिळालें ती अशी कीं, नुसती हवा इतकी दाबावयाची कीं त्या दाबानेंच ती तापेल. आजच्या डिझेल इंजिनांत दट्ट्या हवेस तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते तेविसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. तिची उष्णता पांचशे अंशांवर जाते, व तींत डिझेलचा बारीक फवारा पडला कीं तो आपोआप पेटतो.

ह्यावरून हें स्पष्ट होईल कीं, सेल्फ फिरत असतां गाडी धरीत नसेल तर ह्या तिहींपैकीं एक गोष्ट कमी पडत आहे. ती कोणती, हें आधीं ठरवावें. मग त्या गोष्टीच्या मार्गानें एकेक टप्पा तपासावा. विहिरीचें पाणी शेवटच्या वाफ्यास पोंचत नसेल तर आपण वाफा खणीत बसत नाहीं. पाटाच्या कडेनें चालत जातों, व पाट कोठें फुटला किंवा तुंबला तें पाहतों. शहाणा शेतकरी तर पाटाच्या मध्यावरच प्रथम जातो. तेथें पाणी असेल तर दोष खालीं, नसेल तर वर. एका खेपेंत अर्धा पाट तपासण्यावांचून सुटतो. जीपची तपासणी हीच.

आरंभींची तयारी

गाडी सपाट जागीं, गिअर मोकळा, हातब्रेक ओढलेला आणि चाकामागें दगड असावा. सेल्फ एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक मारूं नये, व दोन खेपांच्या मध्यें निदान एक मिनिट थांबावें. बॅटरी बसली म्हणजे पुढील सर्व परीक्षा बंद पडतात. म्हणून तिची काटकसर हीच पहिली दक्षता. लागणारें साहित्य थोडें आहे : दोनचार पाने, पेचकस, दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा दिवा, एक पारदर्शक बाटली, हातभर रबरी नळी, स्वच्छ फडकें व विजेरी. हें सर्व एका पिशवींत घालून गाडींतच ठेवावें.

एक इशारा सर्वांआधीं. गाडी ओढ्याच्या पाण्यांतून जातांना बंद पडली असेल, तर सेल्फ मुळींच मारूं नये. हवेच्या वाटेनें इंजिनांत पाणी शिरलें असल्यास तें हवेप्रमाणें दबत नाहीं. दट्ट्या त्यावर आदळतो, व कनेक्टिंग रॉड वांकतो. दोन हजारांचें काम तेथें लाखाचें होतें. प्रथम एअर क्लीनर उघडून पाहावा. आंत ओल दिसली तर नोझल किंवा हीटर प्लग काढून, मग इंजिन हळूहळू फिरवून पाणी बाहेर घालवावें, व हें काम जाणत्याच्या देखरेखीखालींच करावें.

पहिली पाहणी

सेल्फ फिरतो खरा, पण पुरेशा वेगानें फिरतो काय ? डिझेल इंजिन थंड असतां मिनिटास सुमारे दीडशे फेरे तरी झाले पाहिजेत. मंद गतीनें दाबलेल्या हवेची उष्णता भिंतींत जिरून जाते. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब स्वस्थ असतां १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, व सेल्फ फिरत असतां तो साडेनवाच्या खालीं जाऊं नये. मोजण्याचें यंत्र नसल्यास हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे अगदींच विझूं लागले तर बॅटरी दुर्बल आहे. आमच्या दमट हवेंत बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड फार लवकर धरते. ती गरम पाण्यानें धुवून टोकें घांसून घट्ट करावींत. इंजिनापासून सांगाड्यास गेलेली अर्थची पट्टीहि पाहावी.

मग फिरण्याचा आवाज ऐकावा. निरोगी इंजिन एका तालांत दम घेत फिरतें. त्या तालांत एक ठोका रिकामा वाटला तर एका सिलिंडरचें कॉम्प्रेशन गेलें आहे. कांहींच अडथळा नसल्यासारखें इंजिन भरभर फिरलें, तर टायमिंगचा पट्टा अथवा साखळी तुटल्याचा संशय धरून तेथेंच थांबावें, व गाडी कारागिराकडे ओढून न्यावी.

टाकींत डिझेल आहे काय, हें कांट्यावर विसंबून न राहतां स्वच्छ काठी घालून पाहावें. अर्ध्याहून कमी टाकीची गाडी रात्रभर उतारावर उभी राहिली तर नळीचें तोंड उघडें पडून ती हवा ओढते. फ्यूज पाहावेत. जुन्या गाड्यांत इंजिन बंद करण्याची ओढ-दोरी असते. ती गंजून ओढलेल्या स्थितींतच अडकली तर गाडी कधींच धरणार नाहीं, म्हणून पंपावरील तिचा दांडा पूर्ण परत आला आहे काय तें हातानें पाहावें.

धूर काय सांगतो

येथवर कांहीं सांपडलें नाहीं, तर एका माणसानें सेल्फ मारावा व दुसऱ्यानें धुराड्याच्या तोंडाशीं उभें राहावें. डिझेलच्या गाडींत ह्या एका परीक्षेनें अर्धा निर्णय होतो.

धूर मुळींच नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोंचत नाहीं. पांढरा किंवा करडा धूर येऊन डोळ्यांस झोंबत असेल, तर डिझेल पोंचतें पण पेटत नाहीं; म्हणजे उष्णता कमी पडते. काळा धूर येत असेल, तर हवा कमी पडते. तीन रंग, तीन मार्ग. ह्यांपैकीं आपला कोणता तें कळल्यावांचून एकहि नट सोडूं नये.

धूर नसल्यास : डिझेलचा मार्ग

डिझेलचा पाट असा आहे : टाकी, नळी, फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप, लोखंडी नळ्या, नोझल. फिरत्या जातीच्या मुख्य पंपावर विजेची एक झडप असते. तिला सोलेनॉइड म्हणतात. चावी लावली कीं ती उघडते, चावी काढली कीं मिटते, व तिच्या मिटण्यानेंच इंजिन बंद होतें. आमची तार तुटली होती ती हिचीच.

म्हणून आधीं हिची परीक्षा. चावी लावतांना कान देऊन ऐकावें. पंपाशीं 'टक' असा बारीक आवाज व्हावा. न झाल्यास दिव्याची एक तार सांगाड्यास व दुसरी सोलेनॉइडच्या टोकास लावावी. दिवा पेटला नाहीं तर दोष तारेंत, फ्यूजांत अथवा चावीच्या खटक्यांत आहे. चावी सेल्फच्या जागीं वळविलेली असतांनाहि दिवा पेटत राहिला पाहिजे, कारण झिजलेले कांहीं खटके नेमके त्या क्षणीं वीज सोडतात. दिवा पेटतो पण तार लावतां-काढतां 'टक' होत नाहीं, तर सोलेनॉइडच निकामी आहे. अडचणीच्या वेळीं बॅटरीच्या धन टोकापासून सोलेनॉइडपर्यंत एक निराळी तार नेऊन गाडी सुरू करितां येते. मात्र इंजिन बंद करण्यास ती तारच काढावी लागते, व ती सांगाड्यास टेकूं देऊं नये.

सोलेनॉइड ठीक असल्यास पाटाच्या मध्यावर, म्हणजे फिल्टरवर जावें. फिल्टरला येणारी नळी काढून बाटलींत सोडावी, व हातपंप दाबावा. डिझेलची भरघोस धार आली, व तींत बुडबुडे नसले, तर वरचा पाट निर्दोष. धार नसेल तर टाकीचें झांकण उघडून पुनः पाहावें. झांकणाचें बारीक भोंक चिखलानें बुजलें कीं टाकींत पोकळी होऊन डिझेल अडतें, व झांकण उघडतांच 'सूं' असा आवाज होतो. धारेंत बुडबुडे असतील तर कोठें तरी हवा ओढली जात आहे. चिरलेली रबरी नळी, सैल क्लिप व जुने तांब्याचे वायसर हीं तिचीं नेहमींचीं ठिकाणें. ज्या सांध्यांतून बंद गाडींत डिझेल पाझरतें, त्याच सांध्यांतून चालत्या गाडींत हवा शिरते.

संशय फिटत नसेल तर डब्याची परीक्षा करावी. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनाहून उंच धरून रबरी नळीनें तें थेट मुख्य पंपास द्यावें, व हवा काढून सेल्फ मारावा. गाडी धरली तर टाकीपासून फिल्टरपर्यंतच दोष आहे हें सिद्ध झालें.

हवा काढणें

ज्यांनीं विहिरीवरचें ऑईल इंजिन हँडल मारून चालविलें आहे त्यांस हें काम नवें नाहीं. हँडल मारतांना नोझलचा 'कर्र कर्र' आवाज आला नाहीं कीं हवा धरली असें आपण ओळखतों. जीपमध्यें रीत तीच. फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप दाबावा. आधीं फेंस येईल, मग अखंड डिझेल. तें दिसतांच, पंप दाबीत असतांनाच, स्क्रू घट्ट करावा. नंतर मुख्य पंपावरील स्क्रूशीं तसेंच करावें. शेवटीं नोझलकडील दोन नट एकेक फेरा सैल करून सेल्फ मारावा. डिझेल उसळ्या घेऊन आलें कीं नट घट्ट करावेत.

ह्या शेवटच्या कृतींत हात किंवा तोंड नळीसमोर धरूं नये. दाबाखालील डिझेलची बारीक पिचकारी कातडी भेदून आंत जाते. वर जखम टिंबाएवढी दिसते, पण आंतलें मांस सडतें व बोट गमावण्याची पाळी येते. असें झाल्यास दुखत नसलें तरी तत्काळ रुग्णालय गांठावें.

सोलेनॉइडला वीज आहे, पंपास स्वच्छ डिझेल पोंचतें, हवा पूर्ण काढली आहे, आणि तरीहि नोझलच्या नटापाशीं उसळी येत नाहीं; असें झालें तरच पंप उतरविण्याची वेळ आली. त्याआधीं नाहीं.

डिझेलांतील पाणी

आमच्या भागांत ह्याचा विशेष विचार केला पाहिजे. पंप दूर असल्यामुळें पुष्कळ शेतकरी घरीं पिंपांत डिझेल ठेवतात. श्रावणांत हवा दमट असते. रिकाम्या भागांत दंव धरतें, पिंपाच्या बुचावर सांचलेलें पावसाचें पाणी आंत झिरपतें. पाणी डिझेलहून जड असल्यामुळें तळाशीं बसतें, व आपण शेवटचे चार लिटर ओततों त्यांत सगळें पाणीच जातें. पाणी व डिझेल जेथें मिळतात तेथें जंतू वाढून काळी शेवाळी गाळणीस चिकटते, आणि गंजानें पंपाचे घांसून जुळविलेले भाग खराब होतात.

फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडें डिझेल बाटलींत घ्यावें, व घटकाभर उभें ठेवावें. तळाशीं निराळा थर दिसला तर पाणी आहे. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडून द्यावें. पावसाळ्यांत हें दर आठवड्यास करावें. पिंप आडवें ठेवावें, तळाचे चार बोटें डिझेल कधींहि गाडींत ओतूं नये, आणि गाडीची टाकी रात्रीं शक्य तों भरलेली असावी.

पांढरा धूर असल्यास : उष्णतेचा मार्ग

एम्‌. एम्‌. ५४० ह्या जीपमध्यें प्यूजो जातीचें २११२ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन येत असे. अशा इंजिनांत फवारा बाजूच्या लहान कप्प्यांत पडतो, व थंड असतां तो कप्पा तापविण्यास हीटर प्लग असतात. ते जळले कीं माघ महिन्याच्या पहाटे गाडी धरीत नाहीं, आणि दुपारीं तीच गाडी निमूटपणें सुरू होते. ही खूण ध्यानांत ठेवावी.

परीक्षा सोपी आहे. प्लगवरील तारा काढून ठेवाव्यात. दिव्याची एक तार बॅटरीच्या धन टोकास व दुसरी प्लगच्या टोकास लावावी. दिवा पेटला तर प्लग अखंड, न पेटला तर तो जळलेला. सर्वच प्लग चांगले असतील तर त्यांच्याकडे येणारी वीज, म्हणजे रिले व जाड फ्यूज, पाहावा.

थेट फवाऱ्याच्या पुष्कळ इंजिनांत हीटर प्लग नसतात. तेथें पांढरा धूर येऊन गाडी धरीत नसेल, तर डिझेलांतील पाणी, सैल झालेलें टॅपेट, झिजलेल्या रिंगा, जळलेले व्हॉल्व्ह, अथवा पंपाचें चुकलेलें टायमिंग ह्यांचा विचार करावा. पहिल्या दोन गोष्टी आपण पाहूं शकतों. उरलेल्या तिहींसाठीं कॉम्प्रेशन मोजण्याचें यंत्र असलेला कारागीर हवा.

काळा धूर असल्यास : हवेचा मार्ग

एअर क्लीनर काढून पाहावा. धुळीच्या वाटांवर त्याची जाळी महिन्याभरांत बुजते. तेलाच्या जातीच्या क्लीनरमध्यें खुणेपेक्षां अधिक तेल किंवा चिखलाचें पाणी असूं नये. गाडी बरेच दिवस पडवींत उभी असेल तर हवेच्या नळींत उंदरांनीं पेंढ्याचें घरटें केलें आहे काय तें अवश्य पाहावें. तेच उंदीर ताराहि कुरतडतात. गाडी मागें घेतांना बांधास धडकली असल्यास धुराड्यांत माती शिरलेली असते.

जुनी पेट्रोल जीप

अमेरिकन विलिस जीपची जोडणी मुंबईंत महिंद्र कंपनीनें सुरू केली. ही कंपनी १९४५ सालीं निघाली, व १९४८ सालीं तिला महिंद्र अँड महिंद्र हें आजचें नांव मिळालें. त्या काळच्या पेट्रोल जीपा कांहीं हौशी घराण्यांत अद्याप आहेत. त्यांत धुराऐवजीं ठिणगी पाहावयाची. एक प्लग काढून, त्याची तार लावून, तो इंजिनाच्या लोखंडास टेकवावा व सेल्फ मारावा. जवळपास पेट्रोल सांडलेलें नसावें. निळी, ठसठशीत ठिणगी पडली तर वीज ठीक. पिवळी, अशक्त ठिणगी किंवा मुळींच ठिणगी नसेल, तर डिस्ट्रिब्युटरचें झांकण उघडावें. पावसाळ्यांत दहांतील बहुतेक वेळां झांकणांतील ओल हाच दोष असतो, व कोरडें फडकें हेंच औषध. नंतर पॉइंट घांसून त्यांचें अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर करावें. प्लगचें अंतर सुमारे पाऊण मिलिमीटर. ह्या इंजिनाची पेट १, ३, ४, २ ह्या क्रमानें होते. प्लगच्या तारा काढतांना त्यांवर खुणा न केल्यास पुढें गोंधळ होतो.

ठिणगी चांगली असून प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीं. ओला असेल तर अति आलें आहे. ओला असल्यास चोक बंद करून, पायानें ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. वैशाखाच्या उन्हांत चढावर बंद पडलेली जीप धरीत नसेल, तर नळींत पेट्रोलची वाफ अडली आहे. पंपावर ओलें फडकें ठेवून थोडा वेळ थांबावें.

नव्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांस भारत स्टेज सहाचे नियम लागू आहेत, व त्यांच्या डिझेलचा फवारा संगणक ठरवितो. त्यांच्या नळ्यांतील दाब वातावरणाच्या हजारपटीहूनहि अधिक चढतो. म्हणून नोझलचा नट सैल करण्याची वर सांगितलेली कृति तेथें कदापि करूं नये. आपण टाकी, फ्यूज, बॅटरी, फिल्टरमधील पाणी व एअर क्लीनर एवढेंच पाहावें. चावीची ओळख न पटल्याचा दिवा लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून पाहावी. त्यापुढें यंत्र लावून दोषाचा अंक वाचणाऱ्या कारागिरासच बोलवावें.

काय करूं नये

हवेच्या तोंडाशीं पेट्रोलचा बोळा धरणें किंवा ईथरची फवारणी मारणें ही संवय फार घातक आहे. हीटर प्लग तापलेले असतां भडका उडतो, व रिंगा तुटतात. गाडी उतारावरून ढकलून धरली तर दोष गेला असें समजूं नये. तो उद्यां पुनः भेटेल, आणि तो चढावर भेटेल. एका वेळीं दोन भाग बदलूं नयेत, कारण मग गुण कशानें आला हें कळत नाहीं व पुढच्या खेपेस दोन्ही भागांचे पैसे पडतात.

अखेरचा विचार

वाचकांनीं स्वतः सर्व दुरुस्त्या कराव्यात असा आमचा आग्रह नाहीं. पंप, व्हॉल्व्ह, टायमिंग हीं कारागिराचींच कामें आहेत. परंतु कारागिरास बोलावतांना 'गाडी सुरू होत नाहीं' एवढाच निरोप धाडणें, आणि 'सेल्फ जोरानें फिरतो, धूर मुळींच नाहीं, सोलेनॉइडला वीज आहे, फिल्टरपर्यंत धार स्वच्छ आहे' असा निरोप धाडणें, ह्यांत आठवड्याचें अंतर आहे. दुसरा निरोप मिळालेला कारागीर योग्य तें सामान घेऊन येतो, व अंदाजानें भाग बदलण्याचा मोह त्याला होत नाहीं.

मृगापूर्वीं आपण बांध पाहतों, घर शाकारतों, बियाणें निवडतों. त्याच वेळीं जीपचे फिल्टर, रबरी नळ्या, वायसर, बॅटरीचीं टोकें व तारा एकदां पाहून घ्याव्यात, आणि गाडींतील पिशवींत तो बारा व्होल्टचा दिवा आहे ना, हें तपासावें. आमच्या पिशवींत तो त्या फाल्गुनापासून आहे.